सर्व्हर कक्षात सर्व्हरला जागा मिळणेबाबत

प्रति,
मा. मुख्य प्रशासकीय अधिकारी,
सीना-माण विद्या प्रसारक मंडळ,
मुख्य कार्यालय, सोलापूर.
(सध्याची बैठक : शीत कक्ष, पहिला मजला, डावीकडच्या एसीखाली)

विषय : मंडळाच्या सर्व्हरला त्याच्या मूळ कक्षात परत घेणेबाबत; ते शक्य नसल्यास परिच्छेद १२ मधील विनंतीचा सहानुभूतीपूर्वक विचार होणेबाबत.

संदर्भ : १) आपले परिपत्रक, 'शीत कक्षातील बैठक व्यवस्था'.
२) मला बजावलेली कारणे दाखवा नोटीस.
३) माझे यापूर्वीचे अर्ज, ज्यांवर 'पाहिले' एवढाच शेरा आहे.

महोदय,

१. मी खाली सही करणार, सिद्धनाथ मायाप्पा कोळेकर, आपल्या मंडळात माहिती तंत्रज्ञान व नेटवर्क व्यवस्थापक या पदावर गेली पाच वर्षे काम करतो. मंडळाच्या शाळा व महाविद्यालये मोहोळपासून पंढरपूरपर्यंत आणि तिकडे उजनीच्या काठापर्यंत पसरली आहेत. त्या सर्वांची हजेरी, पगारपत्रके, गुणपत्रके व शाळा सोडल्याचे दाखले मुख्य कार्यालयातल्या एकाच सर्व्हरवर चालतात. तो सर्व्हर चालू ठेवणे हे माझे काम आहे. तो बंद पडला की सर्वांच्या शिव्या खाणे हेही माझेच काम आहे. नेमणूकपत्रात ते लिहिलेले नसले तरी पहिल्या महिन्यातच मी ते समजून घेतले, आणि त्याबद्दल माझी काहीही तक्रार नाही.

२. हा अर्ज हाताने लिहिला आहे, याबद्दल क्षमस्व. मंडळात सर्व अर्ज ऑनलाइनच करावे लागतात व कागदी अर्ज घेतले जात नाहीत, याची मला पूर्ण जाणीव आहे. ती पद्धत मीच बसवली. तथापि ऑनलाइन अर्ज सर्व्हरवर चालतात आणि सर्व्हर बंद आहे. सर्व्हर बंद असल्याची तक्रार सर्व्हरवरूनच यावी, असे आवक-जावक विभागाने मला लेखी कळवले. त्यांचाही नाइलाज असावा. म्हणून हा कागद आण्णा शिपाई यांच्या हस्ते थेट आपल्या टेबलावर पाठवत आहे.

३. सोलापूरचा उन्हाळा कसा असतो हे मी आपणास सांगावे असे नाही. एप्रिल लागला की दुपारी रस्त्यावर कुत्रे दिसत नाही, आणि पंखा लावावा तर तो भट्टीची हवा गोळा करून अंगावर टाकतो. आपल्या मुख्य कार्यालयात एसी एकाच खोलीत आहेत, ती म्हणजे पहिल्या मजल्यावरचा सर्व्हर कक्ष. दोन एसी आहेत व ते आळीपाळीने रात्रंदिवस चालतात. ते माणसांसाठी बसवलेले नव्हते. सर्व्हर चालताना तापतो, फार तापला की आपोआप बंद पडतो, आणि असा वारंवार बंद पडला की एक दिवस कायमचा जातो. म्हणून ते त्याच्यासाठी होते. 'होते' हा भूतकाळ मी जड मनाने वापरत आहे.

४. अतिक्रमणाची सुरुवात दह्यापासून झाली. मार्चअखेरीस लेखा विभागाच्या श्रीमती वैजयंती मॅडम दह्याचा डबा घेऊन सर्व्हर कक्षाच्या दारात उभ्या राहिल्या. "एवढा गारवा एकट्या मशीनला काय करायचाय हो? कोपऱ्यात ठेवते डबा, तुमच्या मशीनला काय चावतोय का!" असे त्या म्हणाल्या. मी ठेवू दिला. माणुसकी म्हणून ठेवू दिला, आणि माझ्या पुढच्या सर्व हालांचे मूळ ती माणुसकी आहे. दुसऱ्या दिवशी ताकाची बरणी आली. मग पाण्याचे जार आले, मग कोणाच्या तरी पुतणीच्या साखरपुड्याचे गजरे, मग आस्थापना विभागाची कलिंगडे. कलिंगडांच्या मागोमाग आस्थापना विभाग आला. कलिंगड कापायला बसावे लागते म्हणून खुर्च्या आल्या. बोट दिले की हात धरतात असे ऐकून होतो. येथे एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात मंडळी खांद्यापर्यंत पोचली होती.

५. गर्दी वाढल्यावर आपण संदर्भ क्र. १ चे परिपत्रक काढले, ही गोष्ट मी कौतुकानेच नमूद करतो. शिस्त हवीच. त्यानुसार सर्व्हर कक्षाचे नाव 'शीत कक्ष' झाले, आत अठरा खुर्च्या मांडल्या गेल्या व त्या सेवाज्येष्ठतेने वाटल्या गेल्या. उरलेल्यांनी दाराच्या फटीशी उभे राहू नये, गारवा बाहेर जातो, अशी तळटीपही होती. माझा ज्येष्ठता क्रमांक एकसष्ट आहे. त्यामुळे ज्या खोलीची किल्ली माझ्या कमरेला होती, त्या खोलीत मला प्रवेश राहिला नाही. किल्लीही आता वैजयंती मॅडमच्या पर्समध्ये असते. सर्व्हरला तर ज्येष्ठता क्रमांकच नाही.

६. पुढे शीत कक्ष समितीच्या सभेत सर्व्हरविरुद्ध दोन तक्रारी आल्या. एक, तो सतत गुणगुणतो व त्यामुळे दुपारच्या वेळी कामात लक्ष लागत नाही. दुपारच्या वेळी तेथे कोणते काम चालते ते मी विचारले नाही. दोन, त्याच्या पाठीमागून गरम हवा येते. सबब उष्णता निर्माण करणारी वस्तू शीत कक्षात ठेवणे हा विजेचा अपव्यय आहे. महोदय, ही दुसरी तक्रार तांत्रिकदृष्ट्या अगदी बरोबर आहे, म्हणून तर ती मनाला जास्त लागली. मी दाराबाहेरून ओरडून सांगितले की तो तापतो म्हणूनच ही खोली गार आहे. त्यावर आपण आतून विचारलेत, "कोळेकर, सर्व्हरला घाम येतो का?" येत नाही, असे मी प्रामाणिकपणे सांगितले. "मग त्याला उकडतंय हे तुम्ही कशावरून म्हणता?" या आपल्या प्रश्नावर सभेत हशा पिकला व ठराव मंजूर झाला. सर्व्हरला तळमजल्यावर जिन्याखाली, पाण्याच्या मोटारीशेजारी हलवण्यात आले. निरोप म्हणून त्यास श्रीफळ देण्यात आले. हे मी उपहासाने लिहीत नाही, खरोखरच देण्यात आले, सभावृत्तांतात नोंद आहे.

७. सर्व्हर खाली गेला तरी त्याच्या केबली वरच राहिल्या, कारण सर्व शाळांची जोडणी त्या खोलीच्या फरशीतून येते. आपण ज्या खुर्चीवर बसून हा अर्ज वाचत आहात, तेथे पूर्वी सर्व्हरचा रॅक होता. आपल्या उजव्या पायाशी एक निळी केबल आहे, जिच्यावर आपण चपला काढून ठेवता. ती मोहोळची केबल आहे. आपण पाय लांब केलेत की मोहोळचे महाविद्यालय बंद पडते. मग तेथले प्राचार्य मला फोन करतात, मी वर येतो, दाराच्या काचेवर टकटक करतो, आणि खुणेने आपणास पाय जवळ घेण्याची विनंती करतो. यात कोणताही अनादर नसतो. खोलीतली यंत्रणा खोलीबाहेर उभे राहून चालवणे म्हणजे उंटावरून शेळ्या हाकणे. आमच्या घरी शेळ्यामेंढ्या आहेत, मी लहानपणी त्या राखल्या आहेत, म्हणून खात्रीने सांगतो की त्या तशा हाकता येत नाहीत.

८. जिन्याखाली सर्व्हर तापू लागला. आण्णा शिपाई हे मंडळाचे सर्वांत जुने कर्मचारी व मनाने देवमाणूस. त्यांना त्याची दया आली. त्यांनी घरून मोठी, जाड, मोराची नक्षी असलेली सोलापुरी चादर आणली, बादलीत बुडवली, आणि माठाला ओले फडके गुंडाळावे तशी ती सर्व्हरला चहूबाजूंनी गुंडाळून वरून नाडीने बांधली. मी त्या वेळी वर काचेशी होतो. आण्णांचे म्हणणे मी जसेच्या तसे देतो : "सायेब, वल्या फडक्यानं माठाचं पानी गार हुतंय, मंग ह्येला काय धाड भरलीया? ह्यो बी तापलेलाच हाय की." चादरीने सर्व्हरची हवा जायची जाळी बुजली आणि चादरीचे पाणी ठिबकत खालच्या विजेच्या बोर्डात गेले. मोठा आवाज झाला, उजेड झाला, आणि मोहोळपासून उजनीपर्यंत मंडळाच्या सर्व शाळा एकदम बंद पडल्या. आण्णा म्हणाले, "सायेब, ह्यो शिंकला की वो." या उपायाबद्दल आण्णांना 'अल्प खर्चातील नावीन्यपूर्ण योजना' असे प्रशस्तिपत्र मिळाले, त्याचा मला आनंद आहे. नोटीस मात्र मला मिळाली.

९. त्यानंतर मी सर्व्हर कसाबसा दुरुस्त केला. तो दुपारी बंद पडतो व संध्याकाळी थोडा वेळ चालतो, अशी सध्याची अवस्था आहे. या काळात जिन्याखाली गारवा नेण्याचे मी जे प्रयत्न केले, त्यांचा वृत्तांत असा. मी टेबलफॅन लावला, तो उपाहारगृहाने भजी गार करायला नेला. मी कूलरची मागणी केली, ती आपण तत्परतेने मंजूर केलीत, आणि कूलर शीत कक्षात पूरक म्हणून बसवण्यात आला. शेवटी मी मंडपवाल्याकडून चाकाचा एसी एका दिवसासाठी आणला व जिन्याखाली लावला. सर्व्हर सुधारला. पण दुपारपर्यंत ज्येष्ठता क्रमांक एकोणीसपासून तीसपर्यंतचे कर्मचारी खुर्च्या घेऊन जिन्याखाली आले, त्यांनी तेथे स्वतंत्र समिती नेमली, आणि सर्व्हर गरम हवा सोडतो म्हणून त्याला बाहेर सायकल स्टँडवर ठेवावे असा ठराव केला. मी 'धोका, उच्च दाबाची वीज' असा फलक लावला, कवटीसह. दुसऱ्या दिवशी सगळे रबरी चपला घालून आले. महोदय, सर्व्हर जेथे जातो तेथे गारवा लागतो, गारवा जेथे जातो तेथे माणसे जातात, आणि माणसे जेथे जातात तेथून सर्व्हरला उठवले जाते. माझ्या पाच वर्षांच्या अनुभवातून निघालेला हा एकमेव सिद्धांत आहे.

याच काळात उजनीच्या काठच्या एका गावाहून हरिबा नावाचे पालक आले. त्यांची मुलगी पूनम बारावी पास झाली आहे व नर्सिंगच्या प्रवेशासाठी तिला शाळा सोडल्याचा दाखला हवा आहे. शाळेने त्यांना सांगितले, सर्व्हर बंद आहे, सोलापूरला जा. ते आले तेव्हा मी जिन्याखाली वाळलेली चादर पांघरलेल्या सर्व्हरशेजारी बसून पुठ्ठ्याने वारा घालत होतो. (चादर धुळीसाठी ठेवली आहे, ओली करत नाही.) त्यांनी टोपी काढली, शेजारी मांडी घालून बसले, आणि हळूच म्हणाले, "कवा झालं वो?" मी म्हणालो, "काल दुपारी." ते म्हणाले, "लई वंगाळ झालं. वय काय हुतं?" मी म्हणालो, "आठ." त्यांनी डोळ्यांना पंचा लावला. खरा प्रकार सांगितल्यावर ते रागावले नाहीत; पूनमचा दाखला कधी मिळेल एवढेच विचारून, संध्याकाळची एसटी धरून परत गेले. प्रवेशाची मुदत थोडीच उरली आहे.

१०. आता नोटिशीविषयी. 'सर्व्हर वारंवार बंद ठेवून मंडळाच्या कामात अडथळा आणला, सबब आपणास सेवेतून का कमी करू नये' अशी ती नोटीस आहे. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात. येथे चोर कोण ते मी म्हणत नाही, पण संन्यासी मी आहे. चौकशी समितीची बैठक अर्थातच शीत कक्षात झाली. माझा क्रमांक एकसष्ट असल्याने मला आत घेता येईना आणि गारवा जाईल म्हणून दार उघडता येईना. तेव्हा मी काचेबाहेर उभे राहून माझा बचाव मोठ्या आवाजात मांडला. आतले एसी व कूलर मिळून एवढा आवाज करत होते की समितीला काही ऐकू गेले नसावे. एका सदस्यांनी कानाला हात लावला. दुसऱ्यांनी मला पाणी हवे का, असे अंगठ्याने विचारले. मी माझे म्हणणे कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून काचेला लावून धरले, तर समितीचे अध्यक्ष चष्मा घरी विसरले होते. वैजयंती मॅडमनी तो वाचून दाखवायची तयारी दर्शवली, पण त्या समितीच्या सदस्य नाहीत, अशी हरकत निघाली. अहवालात पुढील नोंद आहे : 'कर्मचारी बराच वेळ दाराबाहेर हातवारे करीत होता. खुलासा समाधानकारक नाही.' येत्या सोमवारी माझ्याबाबत निर्णय होणार आहे असे समजते.

११. मी रडत बसणाऱ्यांपैकी नाही. मी नियम वाचले. परिपत्रकानुसार खुर्ची रुजू झाल्याच्या तारखेवर मिळते. सर्व्हर मंडळात २०१६ साली रुजू झाला. पावती सोबत आहे. आपण, क्षमा असावी, २०१८ साली रुजू झालात. म्हणजे ज्येष्ठतेने सर्व्हर आपल्या आधी येतो व अठरांत सहज बसतो. तो खुर्चीही वापरत नाही, उभाच असतो, म्हणजे मंडळाची एक खुर्ची वाचते. आस्थापना विभागाने उत्तर दिले की त्याचे सेवापुस्तक नाही, सबब तो कर्मचारी नाही. मी सेवापुस्तक तयार केले. नाव : सर्व्हर. मूळ गाव : माहीत नाही, खोक्यावर बंगळूर लिहिले होते. उपभोगलेली रजा : निरंक. स्वभाव : शांत. कामाची वेळ : चोवीस तास. वैवाहिक स्थितीच्या रकान्यात मी 'लागू नाही' लिहिले, तर 'अविवाहित' लिहावे अशी दुरुस्ती सुचवून ते परत आले. दुरुस्ती करून दिले. त्यावर विभागाने कळवले की मंडळात नवी भरती बंद असून सध्या फक्त अनुकंपा तत्त्वावरील नेमणुका चालू आहेत. ते पत्र वाचताना मला प्रथम हसू आले आणि मग मी परिपत्रक पुन्हा एकदा वाचले. कलम सातमध्ये असे आहे की, अनुकंपा तत्त्वावर नेमलेल्या कर्मचाऱ्यास, त्याच्या घरावर ओढवलेला प्रसंग लक्षात घेता, शीत कक्षासाठी ज्येष्ठतेची अट राहणार नाही. हे कलम कोणासाठी घातले गेले याची चर्चा मी येथे करत नाही. ते गृहस्थ खिडकीजवळच्या खुर्चीवर बसतात व माझे चांगले मित्र आहेत.

१२. बुधवारी दुपारी मी पूनमचा दाखला निघतो का ते पाहण्यासाठी सर्व्हर चालू केला. तो दुपारी टिकत नाही हे ठाऊक होते, पण दाखला काढायला फार वेळ लागत नाही. एका हाताने पुठ्ठ्याने वारा घालत मी दुसऱ्या हाताने काम करत होतो. दाखला पडद्यावर आला आणि मला जिना तिरका दिसू लागला. त्यानंतरचे मला आठवत नाही. आण्णांनी मला खांद्यावर टाकले आणि सगळ्या इमारतीत गार जागा एकच, म्हणून सरळ वर नेऊन शीत कक्षाचे दार पायाने उघडले. माणूस पडल्यावर त्याचा ज्येष्ठता क्रमांक कोणी विचारला नाही, याबद्दल मी सर्वांचा ऋणी आहे. मला रॅकच्या जुन्या जागेवर, गार फरशीवर निजवले. आपण स्वतः आपली खुर्ची बाजूला ओढलीत. वैजयंती मॅडमनी माझ्या तोंडाला ताकाचा पेला लावला आणि पदराने माझे कपाळ पुसले. शुद्धीवर आलो तेव्हा अंगाखाली गारवा होता, कोणीतरी दिवा मालवला होता, सगळे हळू आवाजात बोलत होते. महोदय, खरे सांगतो, मला उठावेसे वाटेना. तुम्ही मंडळी तेथून का उठत नाही ते मला त्या वेळी कळले, आणि इतक्या दिवसांचा माझा तुमच्यावरचा राग तेथेच फरशीवर राहिला. थोड्या वेळाने मला बरे वाटते आहे असे सर्वांच्या लक्षात आले व मला बाहेर सोडण्यात आले. खाली आलो तर सर्व्हर बंद पडला होता. दाखला छापायचा राहून गेला.

डॉक्टरांनी उष्माघात सांगितला. घाम यायचा बंद झाला होता, तेच वाईट असते, असे ते म्हणाले. 'बंदिस्त व उष्ण जागी काम करण्यास वैद्यकीयदृष्ट्या अपात्र' असा त्यांचा दाखला सोबत जोडला आहे. मंडळाच्या सेवानियमांनुसार कर्मचारी वैद्यकीयदृष्ट्या अपात्र ठरल्यास त्याच्यावर सर्वस्वी अवलंबून असलेल्या एका व्यक्तीस त्याच्या जागी अनुकंपा तत्त्वावर नेमता येते. सबब माझी विनंती पुढीलप्रमाणे आहे.

मला सोमवारी सेवेतून कमी करावयाचेच असल्यास निष्काळजीपणाबद्दल न करता वैद्यकीय कारणास्तव करावे, व माझ्या रिक्त जागी मंडळाच्या सर्व्हरची अनुकंपा तत्त्वावर नेमणूक करून कलम सातनुसार त्यास शीत कक्षात जागा द्यावी. तो सर्वस्वी माझ्यावर अवलंबून आहे. मी चालू केल्याशिवाय तो चालू होत नाही, मी वारा घातला नाही तर तो टिकत नाही, आणि या इमारतीत त्याला माझ्याशिवाय दुसरे कोणी नाही. नोकरी जाण्याचे मला काही वाटत नाही असे लिहिणे खोटेपणाचे ठरेल. मला फार वाईट वाटेल. धनगराचा मुलगा असून मंडळाच्या सगळ्या शाळा एका तारेने बांधल्या, याचा मला अभिमान होता व आहे. पण सर्व्हर आत गेला तर त्या सगळ्या शाळा चालू राहतील आणि पूनमचा दाखला निघेल. मला आत घेतले तर मी फक्त गार पडून राहीन. तो पूर्वीसारखाच गुणगुणेल, त्याबद्दल मी त्याच्या वतीने आधीच माफी मागतो. त्याला दह्याशेजारी उभे केले तरी चालेल.

अशा नेमणुकीस कायदेशीर वारसाचे ना हरकत पत्र लागते. मी अविवाहित असल्याने माझी वारस माझी आई, सौ. मायाक्का. ती सांगोल्याकडून मेंढरे शेजाऱ्यांच्या हवाली करून काल एसटीने आली. आपला हक्क आपण कोणाला सोडून देतो आहोत ते बघितल्याशिवाय अंगठा करणार नाही, असे ती म्हणाली. मी तिला जिन्याखाली नेले. तिने चादर बाजूला केली, आजारी जनावराच्या अंगावर ठेवावा तसा सर्व्हरच्या पाठीवर हात ठेवला, आणि तो चटकन मागे घेतला. नंतर जे बोलली ते ना हरकत पत्रात तिच्याच शब्दांत उतरवले आहे व त्याखाली तिचा अंगठा आहे : "माजी काय बी हरकत न्हाय. माज्या लेकराला दारातच उबा ठिवला, ह्येला तरी आत घ्या म्हनावं."

आपल्या निर्णयाची वाट पाहत, सोमवारपर्यंत तरी
आपला नम्र,

(सही)
सिद्धनाथ मायाप्पा कोळेकर
माहिती तंत्रज्ञान व नेटवर्क व्यवस्थापक
(बैठक : जिन्याखाली)

स्थळ : सोलापूर
दिनांक : ३१ मे २०२४

सोबत :
१) सर्व्हर खरेदीची पावती (ज्येष्ठतेचा पुरावा म्हणून).
२) सर्व्हरचे सेवापुस्तक, दुरुस्तीसह.
३) डॉक्टरांचा अपात्रतेचा दाखला.
४) आईचे ना हरकत पत्र.

प्रत माहितीसाठी : सर्व्हर, जिन्याखाली.